अपेंडिक्सच्या पाण्याची तपासणी: केव्हा हवी, केव्हा नको

समजा, निमोण्यातल्या एका घरी रात्री मुलाच्या पोटात दुखू लागले. आधी बेंबीपाशी, मग पहाटे उजवीकडे खाली. जोडीला उलटी नि कणकण. शिरूरला नेले, अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. मग वडील विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोटातलं पाणी तपासायला पाठवलं नाही? शेजारच्या पोराचं पाठवलं होतं." आज या प्रश्नाविषयीच बोलू.

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला करंगळीसारखी एक पोकळ शेपटी असते. तिचे तोंड बुजले की ती सुजते, आत पू धरतो. तिच्याभोवतीचे पाणी घेऊन प्रयोगशाळेत विरजण लावावे तसे उबेत ठेवतात. जंतू वाढले, की कोणत्या औषधाने ते मरतात हे पाहतात. याला कल्चर म्हणतात.

पण दही एका रात्रीत लागते. या तपासणीला दोन-तीन दिवस, कधी जास्तही लागतात. तोवर साध्या अपेंडिक्सचा रोगी बहुधा घरी आलेला असतो. शिवाय सापडतात ते बहुतेक आतड्यातले नेहमीचेच जंतू, आणि त्यांवरचे औषध ऑपरेशनआधीच टोचलेले असते. म्हणून अपेंडिक्स फुटले नसेल, तर पाणी तपासले नाही म्हणजे हयगय झाली, असे समजू नये.

पुण्याचेच उदाहरण घ्या. १२ जानेवारी १९२४ रोजी ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींचे अपेंडिक्स काढले. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे केले. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ साली. जंतू ओळखला असता, तरी द्यायला तसले औषधच नव्हते. उपयोगी पडले ते ऑपरेशन.

मग तपासणी नकोच का? तसे नव्हे. अपेंडिक्स फुटून पू पसरला, रोग्याची प्रतिकारशक्ती क्षीण असली, किंवा आधी अँटिबायोटिक गोळ्या बऱ्याच झाल्या असल्या, तर तपासणी मोलाची. नेहमीच्या औषधाला शेकडा दहा-वीस जंतू दाद देत नसतील, त्या भागात फुटलेल्या अपेंडिक्सचे कल्चर करावेच, असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०१० साली सांगितले. आपल्याकडे तर असे निर्ढावलेले जंतू पुष्कळ. दुकानातून चार गोळ्या आणायच्या आणि बरे वाटताच सोडायच्या, या सवयीनेही ते वाढले.

तेव्हा मंडळी, पोट असे दुखले तर एरंडेल देऊ नका, पोट चोळू नका, उद्यावर ढकलू नका. गुरुजी, वर्गातले पोर पोट धरून वाकले, तर ते शाळा चुकवते आहे असे एकदम धरू नका, घरच्यांना बोलवा. आणि दवाखान्यात गेल्यावर आधी कोणत्या गोळ्या घेतल्या, ते न लाजता सांगा. पाणी तपासायचे की नाही, हे ठरवायला डॉक्टरांना त्याचाच आधार होतो.