पगार मोठा, उचल त्याहून मोठी



वाचक माउली, हे बोलणं धारूरच्या हरिनाम सप्ताहातलं. मंडपात टाळकरी होते, मृदंग होता, चुकलं तर मागून सावरून घेणारे गायक होते. तुम्ही घरात एकटे बसून वाचताय. तेव्हा मी उभा आहे आणि तुम्ही समोर मांडी घालून बसलात, एवढं धरून चला, म्हणजे झालं.

आज प्रश्न असा घेतलाय: घरात पैसा येतो, आणि तरी माणसाला आपण श्रीमंत झालो असं का वाटत नाही?

पहिल्यांदा एक गोष्ट उघड सांगून टाकतो. ज्याच्या घरात सांजच्याला पीठ नाही, त्याला हे निरूपण नाही. उपाशी माणसाला 'समाधान धर बाबा' म्हणून सांगणारा कीर्तनकार मला पटत नाही. त्याची गरिबी मनातली नाही, ती डब्यात दिसते. मी बोलणार आहे ते ज्याच्या खात्यात दर महिन्याला लाख-दीड लाख पडतात आणि जो तरी म्हणतो 'महाराज, भागत नाही', त्याच्याशी. अशी लेकरं आता आपल्या बालाघाटच्या डोंगरातल्या वाडी-तांड्यातूनही निघालीत. चांगली गोष्ट आहे, आनंद आहे.

धारूरकडच्या माणसाला 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण पुस्तक लांब जाईल, म्हणून सांगतो. पावसाळ्यात मुकादम येतो. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. त्या कोयत्याला तो आगाऊ पैसे देतो, कुणाला पन्नास हजार, कुणाला लाख, कुणाला त्याहून जास्त. त्या पैशात पेरणीचं देणं भागतं, पोरीचं लग्न होतं, दवाखाना होतो. मग दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत टाकायचं, कारखान्याच्या फडावर खोप घालायची, आणि पहाटेपासून ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून ती उचल फेडायची. टनामागं जे मिळतं ते आधीच खाल्लेलं असतं. हंगाम संपताना हिशेब होतो आणि बऱ्याचदा अंगावर बाकी राहते. ती बाकी पुढच्या साली. म्हणजे माणूस आज राबतो ते मागच्या वर्षीच्या पैशासाठी.

आता ऐका. याच भागातले दोघं भाऊ. नाव-गाव विचारू नका, तुमच्याही शेजारी असतील. थोरला कोयत्यावर जातो. धाकटा शिकला. शिकला कशावर? थोरल्याच्या उचलीवर. पोरगं हुशार निघालं, इंजिनिअर झालं, पुण्यात हिंजवडीला मोठ्या कंपनीत लागलं. हातात दीड लाख पडतात. सप्ताहाला आला होता, काल्याच्या पंगतीनंतर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, कामून असं होतंय? गावात सगळे मला शेठ म्हणतात. पण वीस तारीख उलटली की मला घाम फुटतो."

मी म्हटलं, "हिशेब सांग."

फ्लॅटसाठी ऐंशी लाखांचं कर्ज. साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता सत्तर हजाराच्या आसपास. गाडीचा हप्ता वेगळा. लेकराच्या शाळेची फी. सोसायटीचा मेंटेनन्स. विम्याचे पैसे. मी काही गणिताचा माणूस नाही, पण सत्तर हजार गुणिले दोनशे चाळीस महिने एवढं मलाही येतं. एक कोटी अडुसष्ट लाख! ऐंशी लाखांच्या घराला दुपटीहून जास्त. मी त्याला म्हटलं, "बाळा, तू शेठ कुठला? तुझ्या भावाने सहा महिन्यांची उचल घेतली, तू वीस वर्षांची घेतलीस. त्याचा मुकादम पावसाळ्यात येतो, तुझा दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. एवढाच फरक."

तो हसला. पण पोरगं हसलं ते डोळ्यांनी नाही.

घरासाठी कर्ज काढू नये असं मी म्हणत नाही बरं का. डोक्यावर छप्पर लागतंच, आणि पुण्यासारख्या शहरात रोख पैशाने घर कोण घेणार? मी सांगतोय ते एवढंच, की पगाराचा आकडा आणि हाती उरलेला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस स्वतःला आकड्याने मोजतो आणि जगतो मात्र उरलेल्यावर. उरलेलं नसेल तर दीड लाखवाल्याचीही छाती पंधरा हजारवाल्यासारखीच धडधडते. कधी जास्तच, कारण त्याला पडायची उंची जास्त असते. नोकरी गेली तर दुसऱ्या महिन्यात काय, हे त्याला रात्री दोन वाजता आठवतं.

बरं, हप्ता फिटला तरी सुटतो का? पगार वाढला की घर मोठं, घर मोठं की शेजारी मोठा. पहिल्या सोसायटीत खाली दुचाक्या उभ्या होत्या, तिथं हा चारचाकीवाला श्रीमंत होता. नव्या सोसायटीत ज्याच्या-त्याच्या दोन-दोन चारचाक्या, तिथं हाच गरीब! पैसा वाढला, माणूस तोच, आणि श्रीमंती गेली कुठं? शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात तेविसाव्या अध्यायात अवंती नगरीच्या एका ब्राह्मणाची कथा आहे. नाथबाबांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली, ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली काशीत पुरी झाली. हा ब्राह्मण शेती करायचा, व्यापार करायचा, भरपूर धन. पण कदर्यू! बायको-पोरांना नाही, भावाला नाही, दारी आलेल्याला नाही, आणि, हे महत्त्वाचं, स्वतःच्या देहालाही सुख नाही. मग काय झालं? थोडं भाऊबंदांनी नेलं, थोडं चोरांनी, थोडं राजाने, उरलेलं काळाने. सगळं गेल्यावर तो भिक्षू झाला आणि त्याने पैशापोटी येणारे पंधरा अनर्थ मोजून सांगितले. चोरी, हिंसा, खोटेपणा हे तर आपल्याला ठाऊक आहेत. पण त्या यादीत अविश्वास आहे आणि स्पर्धाही आहे. पार्किंग तेव्हा नव्हतं हो! तरी भागवताला हे ठाऊक होतं.

आता पंढरपुरात चला. परिसा भागवत म्हणून रुक्मिणीमातेचा भक्त. मातेने प्रसन्न होऊन त्याला परीस दिला. लोखंडाला लावा, सोनं. याहून मोठा पगार कुणाला असेल? दर महिन्याला कशाला, दर घटकेला पगार! पण त्या घरात काय चाललं होतं? परीस लपवायचा. कुणाला कळू द्यायचं नाही. नामदेवरायांची राजाई रोजच्या ओढगस्तीने गांजलेली, परिसाच्या कमळजाबाईला तिची दया आली, तिने परीस दाखवला, दिला. राजाईने सोनं केलं, बाजार आणला, स्वयंपाक केला. नामदेवराय घरी आले, विचारलं, 'हे कुठलं?' कळल्यावर परीस घेतला आणि थेट चंद्रभागेत टाकला.

झाली बोंब! परिसा भागवत धावत आला. नामदेवरायांनी नदीत हात घातला आणि ओंजळभर खडे वर काढले, 'यातला तुझा कुठला तो घे.' लावून बघितलं, तर प्रत्येक खडा परीस. परिसा तिथंच शरण आला.

लोक या कथेतला चमत्कार सांगतात. मला त्यातली कमळजाबाई दिसते. त्या घरात परिसाचा उपयोग श्रीमंतासारखा पहिल्यांदा कुणी केला असेल तर तिने. शेजारणीची चूल तिला दिसली.

म्हणून मी त्या पोराला दुसरा प्रश्न विचारला. "थोरला यंदा कारखान्याला गेला होता का?"

"गेला होता."

"उचल किती होती?"

मान खाली. "सत्तर हजार."

माउली, बघा आता. भावाच्या साऱ्या हंगामाची, वहिनीच्या हाताच्या भेगांची, खोपीत झोपलेल्या पुतण्याच्या बुडालेल्या शाळेची किंमत सत्तर हजार. आणि याचा एका महिन्याचा हप्ताही तेवढाच. पोरगं वाईट नाही, आईला पैसे पाठवतं, भावाला विसरलेलं नाही. पण त्याला खरंच वाटतं की आपल्याजवळ नाही. ज्याला आपल्याजवळ नाही असं वाटतं त्याचा हात उघडणार कसा? त्याची भीती खोटी नाही, पण तिचं भाडं थोरला भरतोय, पाचटात उभा राहून.

इथं तुकोबारायांची आठवण होते. देहूचं महाजनकीचं घर, सावकारी, वाण्याचा व्यवहार. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास आपल्या धारूरच्या किल्ल्यालाही मोगलांचा वेढा पडला आणि १६३१ मध्ये आझमखानाने तो घेतला. किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानाने बांधलेला, मग निजामशाहीचा, मग मोगलांचा. भरलेल्या कोठारांचे मालक बदलत गेले, भिंती तेवढ्या आज आपण बघतो. त्या दुष्काळात तुकोबांची थोरली बायको गेली, लेकरू गेलं, व्यापार बसला. माणूस अशा वेळी काय करतो? राहिलेलं घट्ट धरतो. लोकांकडं येणं होतं, खतं घरात होती. तुकोबांनी काय केलं, तर धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या हिश्शाची निम्मी खतं दिली, आणि आपली निम्मी इंद्रायणीत सोडली.

भावाच्या हिश्शाला हात लावला नाही, हे ध्यानात घ्या. संत झाले म्हणून दुसऱ्याच्या पैशावर उदार झाले नाहीत! आपला होता तेवढाच सोडला. त्या दिवशी देहूच्या परिसरात कितीजणांच्या मानेवरचा बोजा उतरला असेल. घरात तेव्हा धान्याची काय गत होती ते आपल्याला ठाऊक आहे. पण तो माणूस देऊ शकला, कारण 'आता पुरे' हे त्याने ठरवलं होतं. बँक ते ठरवून देत नाही, कंपनी तर नाहीच.

आता व्यवहाराचं. तुमच्यातले पुण्या-मुंबईचे, संभाजीनगरचे नोकरदार हे वाचत असतील तर वही घ्या. एका बाजूला सगळे हप्ते. दुसऱ्या बाजूला, पगार आज थांबला तर किती महिने चूल पेटेल तो आकडा. तो आकडा सहाच्या वर जाईपर्यंत नवा हप्ता नको, मोठी गाडी नको, दुसरा फ्लॅट तर नकोच. वाढलेल्या पगारातला पहिला वाटा घरातल्या कुणाच्या तरी अंगावरची उचल फेडायला. दान म्हणू नका त्याला. बहुतेकांच्या शिक्षणात कुणाचा ना कुणाचा कोयता आहे, ते देणंच आहे.

आणि बायकोला विचारून करा. कमळजाबाईने नवऱ्याला न विचारता परीस दिला म्हणून एवढा गोंधळ झाला! (इथं मंडपात हशा झाला होता.)

ते पोरगं त्या साली दुसऱ्या फ्लॅटचं बुकिंग करायला निघालं होतं. पुढच्या पावसाळ्यात ते गावी आलं, मुकादमाला बोलावलं, वहीतली भावाची बाकी काढायला लावली आणि समोर बसून फेडली. तरीही थोरला म्हणाला, "मी काय ऐतखाऊ हाय का?" मग दोघांनी मिळून रानात सीताफळाची बाग धरली, शेजारी चार शेळ्या. वहिनी त्या दिवाळीला घरी होती. लेकरू धारूरच्याच शाळेत जातंय.

टाळ घ्या आता. विठ्ठल विठ्ठल!