मिश्र मलमाची ट्यूब : उपयोग आणि उपद्रव



घरातील औषधांच्या डब्यात अर्धवट पिळलेली एखादी मलमाची ट्यूब बहुधा सापडतेच. ती कधी, कोणासाठी आणली होती हे कोणाला आठवत नाही; तरीही अंगावर कोठे खाज सुटली की तीच बाहेर निघते. अशा ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड आणि प्रतिजैविक, म्हणजेच अँटिबायोटिक, अशी दोन औषधे एकत्र असतात.

स्टेरॉइड दाह शमविते, तर प्रतिजैविक जंतूंना मारते. 1952 च्या सुमारास हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर वापरले जाऊ लागले आणि इसबाने त्रस्त रुग्णांना प्रथमच खरा दिलासा मिळाला. इसब खाजवून चिघळले, लस वाहू लागली, मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, की जंतुसंसर्ग झाल्याचा संशय येतो. अशा वेळी फ्युसिडिक ॲसिड व बीटामेथासोन यांसारखे मिश्र मलम लहानशा भागावर, एक ते दोन आठवड्यांपुरते, डॉक्टर देतात. त्याचे योग्य स्थान एवढेच.

येथे एक गोष्ट अनेकांना नवी वाटेल. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू एरवीही मोठ्या प्रमाणात वस्तीला असतो. तो तपासणीत सापडला म्हणजे संसर्ग झालाच असे नव्हे. नुसत्या स्टेरॉइडने दाह ओसरला की जंतूंची संख्याही पुष्कळदा घटते. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शनात, ताप वा अशक्तपणा नसलेल्या रुग्णास प्रतिजैविक सरसकट देऊ नये, असे सांगितले. विनाकारण वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. शिवाय निओमायसिनसारख्या घटकाची त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. मग बरे करणारे मलमच खाज वाढविते आणि रुग्ण ते अधिकच चोळीत राहतो.

परंतु आपल्याकडील मोठी हानी इसबात नव्हे, गजकर्णात होते. पावसाळ्यात दमट कपड्यांमुळे जांघेत, कमरेच्या नाडीखाली चट्टा उठतो. लाजेपोटी डॉक्टरांकडे न जाता दुकानातून क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीनाशक असे ‘सर्व रोगांवर एकच’ मलम आणले जाते. दोन दिवसांत खाज थांबते आणि मलमाची कीर्ती शेजारीपाजारी पसरते! बुरशी मात्र स्टेरॉइडच्या आडोशाने वाढतच असते. चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसट होते, त्यामुळे अनुभवी डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. त्वचा पातळ होते. जांघेत पडलेले पांढरट वळ कायमचे राहतात. हेच मलम गोरेपणासाठी चेहऱ्याला लावणाऱ्या तरुणींना लाली, मुरुमे आणि उन्हाची आग सोसावी लागते. तान्ह्या बाळाच्या लंगोटाखाली तर ते अधिकच शोषले जाते.

2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. त्याच वर्षी 328 मिश्र औषधांवर बंदी आली. त्यात त्वचेची काही मलमेही होती. कायदा झाला, पण दुकानदारास ट्यूबचे रिकामे खोके दाखवून ‘हेच द्या’ म्हणण्याची सवय गेली नाही.

याउलट, स्टेरॉइड या शब्दाचीच धास्ती घेऊन बाळाचे इसब महिनोन्महिने चिघळू देणारी घरेही आहेत. तीही चूकच. डॉक्टरांनी सांगितलेले सौम्य स्टेरॉइड, सांगितलेल्या दिवसांपुरते, निर्धोक असते. प्रमाणही सोपे आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसह दोन तळव्यांएवढ्या भागास पुरते.

इसबावर अचानक एकसारखे लहान, खोलगट, दुखरे फोड उठले आणि ताप आला, तर तो नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. तेथे कोणतेही प्रतिजैविक मलम चालत नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जाताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात.