ओटा आपला, रस्ता सगळ्यांचा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेच्या दिवशी सतरंज्या घालायच्या, चहाची भांडी मोजून परत करायची, ही माझी मंडळातली कामे. पण या खेपेला कार्यकारिणीने सांगितले, "पेठेच्या सुशोभनाविषयी तुम्हीच बोला, कारण सह्यांचा कागद तुम्हीच घरोघर फिरवला होता." ते खरे असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही. जे घडले ते मी सरळ सांगणार आहे. त्यात माझे जिथे चुकले तेही सांगणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्या सगळ्यांना आठवत असेल. घाटापासून देवळापर्यंतचा आपला रस्ता फार ओंगळ दिसू लागला होता. कोणाची भिंत पोपडे धरलेली, कोणाच्या सज्जावर तुटकी खुर्ची आणि रिकामे डबे, विजेच्या खांबांवर वाढदिवसांचे फलक. उत्सवाला बाहेरगावची माणसे येत आणि नाके मुरडत. आपल्याला लाज वाटे. म्हणून आपण मंडळाच्या बैठकीत ठरवले की नगरपालिकेला अर्ज द्यायचा, "रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे नीटनेटकी व एकसारखी दिसावीत, अशी व्यवस्था व्हावी." मी दोन दुपारी फिरून त्र्याहत्तर सह्या गोळा केल्या. जिने चढून चढून गुडघे दुखले, पण मला मोठा अभिमान वाटत होता.

महिनाभरात नोटिसा आल्या. समोरची बाजू सर्वांनी एकाच पिवळसर रंगात रंगवून घ्यावी. पुढे आलेले ओटे आणि पत्र्याच्या पडव्या काढाव्यात. सात दिवसांत न काढल्यास नगरपालिका काढील आणि खर्च मालकाकडून वसूल करील.

कोपऱ्यावरच्या मावशींकडेही नोटीस गेली. मावशी भाजणी, मेतकूट आणि पापड विकतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नवरा गेल्यापासून त्यांचे सगळे घर त्या पुढच्या पडवीवर चालते. ऊन-पावसात पिठाचे डबे त्या पत्र्याखालीच असतात. त्या नोटीस घेऊन माझ्याच दारी आल्या, कारण त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. त्यांनी विचारले, "हे कोणी मागितले गं?" मला काय उत्तर द्यावे कळेना. खाली संदर्भ म्हणून आपल्याच अर्जाची तारीख लिहिलेली होती. आणि त्या अर्जावर मावशींचा अंगठा नव्हता. मी सह्या घेत फिरले तेव्हा त्या दुपारी दळणाला गेल्या होत्या, आणि मी परत त्यांच्याकडे गेले नव्हते. एक सही कमी झाली तर काय बिघडते, असे मला वाटले होते.

भगिनींनो, इथे मला पहिल्यांदा समजले की आपण "पेठ छान दिसावी" असे म्हणतो, तेव्हा त्या छान दिसण्याचा खर्च कोणावर पडणार हे आपण विचारतच नाही.

त्या रात्री आमच्या घरात वाद झाला. माझे यजमान म्हणाले, "ज्याचे घर त्याची मर्जी. काळा रंग दिला तरी नगरपालिकेने का बोलावे?" माझी मुलगी कॉलेजात आहे, ती म्हणाली, "मग उद्या शेजारच्याने आपल्या खिडकीसमोर मोठा फलक लावला तर तुम्ही गप्प बसाल का?" दोघांचेही म्हणणे मला पटले, आणि म्हणूनच झोप लागली नाही.

मुलीचे म्हणणे नुसते बोलणे नव्हते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात जाहिरातीचा प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे गेली. चाळीस फूट लांबीरुंदीची मर्यादा असताना तो एकशेवीस फुटांचा उभा होता. आमच्या जागेत आम्ही काहीही उभारू, असे म्हणून भागत नाही. जागा एकाची असली तरी खालून चालणारी माणसे कोणाचीही असतात.

आणि यजमानांचेही खोटे नव्हते. मुलीने मला वाचून दाखवले की आपल्या घटनेत मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत हक्कांत होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो तिथून काढला, पण पुसून टाकला नाही. कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे ३०० अ या कलमात ठेवले. मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ उलगडून सांगितला. मालकाला आधी कळवायला हवे, त्याचे ऐकून घ्यायला हवे, निर्णय कारणांसह द्यायला हवा, काम खरोखर लोकांच्या हिताचे हवे, मोबदला रास्त हवा, आणि सगळे रीतीने करून वेळेत तडीस न्यायला हवे. तो खटला जागा घेण्याबद्दलचा होता, रंगाबद्दलचा नव्हता. पण मला वाटते, घरातसुद्धा सुनेच्या खोलीतले कपाट हलवायचे तर आपण तिला आधी विचारतो. तीच ही रीत आहे.

पुढे काय झाले ते सांगते. आम्ही पाचजणी मावशींना घेऊन नगरपालिकेत गेलो. पहिल्या दिवशी साहेब भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी भेटले आणि म्हणाले, "तुम्हीच अर्ज दिला आणि तुम्हीच तक्रार करता?" त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतले एक निवृत्त कारकून काका सोबत होते. त्यांनी शांतपणे दोन गोष्टी विचारल्या. रंगाची सक्ती कोणत्या नियमाने? आणि पडवी रस्त्यावर आहे की मावशींच्या जागेत, हे कोणी मोजले?

रंगाची सक्ती करणारा नियम त्यांना दाखवता आला नाही. रस्त्यावरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार मात्र कायद्याने नगरपालिकेला आहे, आणि तो असायलाच हवा. मोजणी झालेली नव्हती. मग आपण मंडळाच्या शिलकीतून मोजणीची फी भरली, सिटी सर्व्हेचा उतारा काढला. मोजणीत निघाले की पडवीचा पुढचा दोन फूट भाग रस्त्यावर आहे आणि मागचा सहा फूट मावशींच्या स्वतःच्या जागेत. मावशींनी दोन फूट पत्रा कापून घेतला. सहा फूट राहिला. सात दिवसांच्या नोटिशीने तो सगळाच गेला असता.

याच मोजणीत आणखी एक गोष्ट कळली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. समोरच्या मोठ्या दुकानाची काचेची पायरी रस्त्यावर तीन फूट आली होती. त्यांना नोटीसच गेली नव्हती. आपण ती गोष्ट लेखी कळवली, तेव्हा त्यांनाही पायरी मागे घ्यावी लागली. शोभेचा नियम गरिबाच्या पत्र्याला दिसतो आणि श्रीमंताच्या काचेला दिसत नाही, असे झाले तर त्या नियमावर कोणाचा विश्वास राहील?

आता पेठेतल्या जुन्या वाड्यांविषयी थोडे बोलते, कारण तो प्रश्न याहून अवघड आहे. वाडा पाडला की आपण सगळ्या हळहळतो. कोरीव खांब गेले, चौक गेला, पेठेची शोभा गेली. पण एका वाड्याच्या मालकीणबाई मला म्हणाल्या, "वहिनी, शोभा तुमची आणि गळके छप्पर माझे." त्यांच्याकडे जुने भाडेकरू आहेत. १९४७ च्या भाडे कायद्याने १९४० साली जे भाडे होते तेच प्रमाण धरले, आणि ते वर्षानुवर्षे तसेच गोठून राहिले. १९९९ चा नवा कायदा २००० साली लागू झाला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मुळात पंधरा रुपये असले तर चार टक्क्यांचे किती होणार? त्या भाड्यात कौले शेकारायची की सागवानी तुळई बदलायची? भाडेकरूंचेही खोटे नाही. त्यांचा जन्म तिथे गेला, ते कुठे जाणार? अशा मालकीणबाईंना नुसते "पाडू नका" म्हणणे सोपे आहे.

यावर काही वाटा निघालेल्या आहेत. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियम केले. आपल्या देशात असे नियम करणारे ते पहिले शहर. तिथे इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीतल्या फार मोलाच्या वास्तूंना सहसा हात लावू देत नाहीत. दुसऱ्या श्रेणीत बाहेरचे रूप राखून आत गरजेप्रमाणे बदल करता येतात. तिसरीत आणखी मोकळीक आहे, फक्त रस्त्याच्या एकंदर रूपाला बाधा येऊ नये. म्हणजे सगळ्यांना एकच काठी नाही. शिवाय वारशामुळे ज्या मालकाला आपल्या जागेवर नियमाने मिळणारे बांधकाम करता येत नाही, त्याला तो हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची सोय ठेवली आहे. तिला टीडीआर म्हणतात. लोकांना शोभा हवी तर लोकांनी तिचा भार थोडा उचलावा, हे त्यातले तत्त्व मला फार आवडले.

जयपूरचे नाव पुष्कळजणी घेतात. तिथली पेठ १८७६ साली इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी गुलाबी रंगवली, आणि तो रंग आजवर टिकवला. आपणही तसे का करू नये, असे मीच बैठकीत म्हटले होते. पण तो एका राजाचा हुकूम होता. आपल्याकडे राजा नाही. आपण निवडून दिलेले नगरसेवक आहेत, आणि महाराष्ट्रात २०११ पासून त्यांतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा आपल्याला हुकूम काढून चालत नाही, दारोदार जाऊन समजूत घालावी लागते.

या सगळ्यातून मी माझ्यापुरते काय ठरवले, ते सांगते. ज्याने दुसऱ्याला इजा होते, म्हणजे पडायला आलेली भिंत, तुंबलेले गटार, वाऱ्याने कोसळणारा फलक, तिथे मालकाची मर्जी चालवू नये. नगरपालिकेने सक्ती करावी आणि आपण तिच्या पाठीशी राहावे. जे सगळ्यांचे आहे, म्हणजे रस्ता, घाट, खांब, तिथे नियम असावा, तो आधी लिहून जाहीर करावा, हरकती ऐकाव्यात आणि सर्वांना सारखा लावावा. आणि जी नुसती आवडीची बाब आहे, म्हणजे भिंतीचा रंग, दारातली तुळस, वाळत घातलेले लुगडे, तिथे कागद नको. तिथे शेजारधर्माने बोलावे. जमले तर जमले, नाही तर राहिले.

हरकतींविषयी एक विनंती. गावाचा विकास आराखडा किंवा त्यातला बदल जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवतात, त्याला मुदत असते. ती सूचना वर्तमानपत्रात येते आणि आपण त्याच कागदात कोथिंबीर गुंडाळतो. यापुढे मंडळाच्या फळ्यावर ती लावावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायला सांगितले आहे. पण रस्त्यावरच्या अतिक्रमणाला ते संरक्षण नाही. म्हणून आपली हद्द कुठे संपते, हे प्रत्येकीने आपल्या उताऱ्यावर एकदा पाहून ठेवावे.

रंगाचे शेवटी काय झाले ते तुम्ही पाहताच. सक्ती गेली, तेव्हा आपण घरोघर विचारले. अठरा घरे तयार झाली. नगरपालिकेने चुना दिला, आपण दोन रविवार पदर खोचून भिंती पांढऱ्या केल्या. बाकीची घरे ज्यांच्या त्यांच्या रंगात आहेत. रस्ता एकसारखा दिसत नाही, पण स्वच्छ दिसतो. खांबांवरचे फलकही गेले.

मावशींची पडवी शाबूत आहे. पण त्या मंडळात परत आल्या नाहीत. मी दर हळदीकुंकवाला बोलावणे करते. त्या "बघते" म्हणतात आणि येत नाहीत. माझ्याकडून पीठ मात्र घेऊ देतात, पैसे चोख मोजून घेतात. मी त्यांना दोष देत नाही. पडवी मोजून परत मिळाली, तसा विश्वास मोजून परत मिळत नसतो.

म्हणून माझी एवढीच सूचना आहे की यापुढे मंडळाच्या नावाने कोणताही अर्ज जाण्याआधी, ज्यांच्या दारावर त्याचा परिणाम होणार आहे त्या प्रत्येक घरी आपल्यातल्या दोघींनी जावे. घर बंद असेल तर परत जावे. हा ठराव आज मांडावा आणि मंजूर व्हावा, अशी मी अध्यक्षीणबाईंना विनंती करते.