वृत्तपत्रकार आणि रुपेरी पडदा : आचार्य अत्रे व आपला खानदेश

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



 वृत्तपत्रात लिहिणारा माणूस चित्रपट काढू लागतो तेव्हा तो बरोबर काय घेऊन जातो, एवढाच आजचा माझा विषय आहे. त्यासाठी मी आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांचे उदाहरण घेणार आहे. अत्रे सासवडजवळच्या कोढीत गावचे. त्यांचा जळगाव-धुळ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

अत्रे प्रथम शिक्षक, मग विडंबनकार आणि नाटककार. १९३७ पासून मास्टर विनायकांच्या चित्रपटांसाठी त्यांनी कथा लिहिल्या. १९३८ चा ‘ब्रह्मचारी’ त्यांतलाच. १९४० मध्ये त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक सुरू केले आणि ते हाडाचे पत्रकार झाले. पत्रकाराचा खरा गुण लेखणीचा फटकारा नव्हे. ज्या गोष्टीकडे शेकडो माणसे पाहून पुढे जातात, तिच्यापाशी थांबणे, हा तो गुण होय. त्याची साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे.

असोद्याच्या लेकीची, बहिणाबाई चौधरींची, गोष्ट आपणांस ठाऊक आहे. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या गात. चिरंजीव सोपानदेव आणि आप्त ती गाणी उतरून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावी त्या निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना वाचून दाखविली. अत्र्यांनी ते धन तत्काळ ओळखले आणि ते प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ त्यांच्या प्रस्तावनेसह बाहेर पडली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या माउलीचे नाव आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९५३ मध्ये, अत्र्यांनी ‘श्यामची आई’ हा चित्रपट निर्माण केला व स्वतः दिग्दर्शित केला. ही कथा कोकणातील असली, तरी ती लिहिणारा हात खानदेशाने घडविला होता. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली, ती गुरुजींनी शब्दशः टिपून घेतली. पुढे अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालविले आणि १९४८ मध्ये मुंबईत ‘साधना’ काढले. म्हणजे गुरुजीही पत्रकारच! दुसऱ्याच्या तोंडची वाणी जशीच्या तशी टिपण्याची साधना त्यांनी धुळ्याच्या कोठडीत केली आणि पुढल्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात आपल्या आईच्या आठवणी लिहिल्या.

त्या आठवणी अत्र्यांनी पडद्यावर आणल्या. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाला, संगीत वसंत देसाई यांचे. आपल्या देशात राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके प्रथमच दिली गेली, ती १९५४ मध्ये. सर्वोत्कृष्ट कथापटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने पटकाविले. पोहण्याच्या भीतीने दडून बसलेल्या मुलाला विहिरीवर पिटाळणारी गरीब घरातील आई साऱ्या देशाने पाहिली.

त्याच वर्षी अत्र्यांचा ‘महात्मा फुले’ आला. जोतीरावांची भूमिका बाबूराव पेंढारकरांनी, सावित्रीबाईंची सुलोचनाबाईंनी केली. त्यालाही मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले. येथे पत्रकाराच्या कामाची कसोटी होती. माहितीपट काढणारा समोर घडते ते टिपतो. पण फुले १८९० मध्ये वारले, तेव्हा चित्रपट जन्मालाच आला नव्हता. १८४८ ची पुण्यातील मुलींची शाळा कोण टिपणार? ती नटांकरवी पुन्हा उभी करावी लागते. मात्र माहितीपट असो वा नाट्यमय चरित्रपट, पाया एकच : घडलेल्या सत्याशी इमान.

पुढे १९५६ मध्ये अत्र्यांनी ‘मराठा’ दैनिक काढले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात स्वतःला झोकून दिले. १३ जून १९६९ रोजी ते निवर्तले. त्यांचे कितीतरी अग्रलेख त्या त्या दिवसाबरोबर गेले. पण ती आई आणि ते जोतीराव अजून पडद्यावर चालतात, बोलतात.

बंधुभगिनींनो, आता थोडे स्वतःकडे पाहू. आपण ज्ञातीच्या नावाने येथे जमलो आहोत. ‘श्यामची आई’ या पुस्तकात एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या म्हातारीची मोळी खाली पडते आणि ती तिच्या डोक्यावर चढवून देण्यास आई श्यामला धाडते. गुरुजी त्याच आईचे पुत्र. १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. फुल्यांचे चरित्र तर ज्ञातीच्या अभिमानाला उभा प्रश्नच आहे. हे दोन चित्रपट आवडीने पाहावयाचे आणि घरी परतून ज्ञातीच्या भिंती उंच करावयाच्या, हे आपल्याला शोभणार नाही. ज्ञातीचे मंडळ असावे, ते परस्परांच्या साह्यासाठी. कोणाला दूर लोटण्यासाठी नव्हे.

दुसरी विनंती तरुणांना. आमच्या स्मरणिकेत देणगीदारांची छायाचित्रे असतात, गुणवंतांच्या याद्या असतात. त्या असाव्यातच. पण आपल्या आजीची ओवी त्यात कोठे आहे? बहिणाबाईंची जेवढी गाणी कोणी उतरून घेतली, तेवढीच आपणांस लाभली. बाकीची वाऱ्यावर गेली. आज चित्र आणि आवाज टिपण्याचे यंत्र प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. अत्र्यांची प्रतिभा आपल्यापाशी नसेल. पण थांबून ऐकण्याला प्रतिभा लागत नाही, आस्था लागते. पुढील संमेलनाला येताना प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांची एक तरी आठवण, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच आवाजात, टिपून आणावी. घरातील म्हातारे माणूस गेल्यावर वही शोधण्यात अर्थ नसतो.