दुधाचा मक्ता आणि कायद्याची वेसण

ज्या देशाची बाजारपेठच लहान, तेथे दोन बड्या संस्थांचे विलीनीकरण म्हणजे जवळजवळ मक्तेदारीच. परंतु परदेशच्या बाजारात टिकावयाचे तर आकार हवा, या युक्तिवादापुढे मान तुकवून न्यूझीलंडच्या संसदेने २००१ साली स्पर्धा आयोगाची नेहमीची मंजुरी बाजूस ठेवली आणि खास कायदा करून दोन बलाढ्य सहकारी दूधसंघ व निर्यात सांभाळणारे डेअरी बोर्ड यांची ‘फॉन्टेरा’ घडू दिली. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक दूध एका हाती गेले. मात्र, आणि हेच मला शहाणपणाचे वाटते, त्याच कायद्यात शेतकऱ्यास संघ सोडण्याची मुभा आणि प्रतिस्पर्ध्यांना ठरावीक प्रमाणात कच्चे दूध विकण्याची सक्ती, अशी तजवीज होती. टाटुआ आणि वेस्टलँड हे छोटे संघ बाहेरच राहिले. पैकी वेस्टलँड २०१९ साली यिली या चिनी कंपनीने विकत घेतला.