तापलेली हवा आणि नांगरलेले माळ
ब्रिटनमधील अनेक फुलपाखरांची उत्तरसीमा थंडीने ठरते. हवा तापली म्हणजे ती उत्तरेकडे पसरावीत, हा सरळ हिशेब. परंतु २००१ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४६ जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती तीस वर्षांत घटल्याचे आढळले. ‘कॉमा’सारखी कोठेही भागवून घेणारी जात स्कॉटलंडपर्यंत पोहोचली, ठरावीक माळावरच जगणाऱ्या बहुतेक जाती अडकल्या, कारण मधले माळ नांगराखाली गेले होते. १९४७ च्या शेती कायद्याने तेथे हमीभाव दिला, पुढे नांगरटीला अनुदानही मिळे. हमीभावाला माझा विरोध नाही. त्यासाठी आपण लढतोच! परंतु माळाचे मोल कोणत्याच जमाखर्चात धरले गेले नाही. आपली कितीतरी माळरानेही सरकारी दप्तरी ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेली आहेत.