आमचा भोवरा

एका मांजराच्या पिल्लापायीं आपला वेळ घ्यावा कीं नाहीं, याचा मीं बराच विचार केला. मी पशुवैद्य नाहीं. मांजरांची मला विशेष आवड होती असेंहि नाहीं. परंतु अधू आणि आजारी जीव घरांत आला म्हणजे घरच्या माणसांवर काय काय येऊन पडतें, हें गेल्या तीन वर्षांत मीं जवळून पाहिलें आहे. आणि त्यांतल्या माझ्या चुका तरी इतरांच्या उपयोगीं पडतील असें वाटतें.

आम्ही पुण्यांत तिसऱ्या मजल्यावर राहतों. तीन वर्षांपूर्वीं ऐन आषाढांत आमच्या जिन्याखालच्या अडगळींत एका भटक्या मांजरीनें तीन पिल्लें घातलीं. महिन्याभरांत दोन पिल्लें पायऱ्यांवर उड्या मारूं लागलीं. तिसरें मात्र उभें राहिलें कीं डुलत डुलत कुशीवर कलंडे. पुढें एके रात्रीं मांजरी दोघांना घेऊन दुसरीकडे गेली आणि हें मागें राहिलें. आमच्या यजमानांनीं त्याला रुमालांत गुंडाळून वर आणलें. स्वयंपाकघरांतल्या काट्यावर त्याचें वजन भरलें २४० ग्रॅम. त्या वयाचें निरोगी पिल्लूं चारशे ग्रॅमच्या आसपास असावयाचें.

कुणाच्या तरी वाहनाखालीं सांपडलें असावें, असा आमचा तर्क. पशुवैद्य बाईंनीं त्याला टेबलावर मोकळें सोडलें, समोर खाद्याची वाटी धरली आणि नुसत्या पाहत राहिल्या. स्वस्थ पडून असतांना त्याची मान स्थिर असे. वाटीकडे तोंड नेऊं लागतांच ती थरथरे, आणि वाटी जों जों जवळ यावी तों तों थरथर वाढे. हें लहान मेंदूच्या दोषाचें लक्षण. गर्भारपणीं मांजरीला एका विशिष्ट विषाणूचा संसर्ग झाला, म्हणजे तो विषाणू पोटांतल्या पिल्लांपर्यंत पोंचतो. झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींवर त्याचा रोख असतो. आणि पिल्लाचा लहान मेंदू जन्माच्या आधींचे व नंतरचे कांहीं दिवस तसाच झपाट्यानें वाढत असतो. तोल राखणारा तो भाग मग खुरटतो. एकाच वेतांतलें एक पिल्लूं अधू तर दुसरें धडधाकट, असेंहि होतें. हा विषाणूचा प्रताप आहे हें १९६६ सालीं किल्हॅम आणि मार्गोलिस या दोन संशोधकांनीं दाखवून दिलें. त्यापूर्वीं हा आनुवंशिक दोष असावा असा समज होता.

‘काकू, हें दुखत नाहीं, वाढणार नाहीं आणि बरेंहि होणार नाहीं,’ असें बाईंनीं एका दमांत सांगितलें. त्यांतलें तिसरें तेवढें मीं ऐकलें.

आतां माझ्या चुका. पहिली म्हणजे गाईचें दूध. मांजर आणि दूध यांची जोडी आपण गोष्टींतून इतकी ऐकलेली, कीं शंकाच आली नाहीं. दोन दिवस पिल्लाला हगवण लागली. गाईच्या दुधांतली साखर त्याला पचत नाहीं, आणि त्याला हवीं असलेलीं प्रथिनें व स्निग्धांश त्यांत पुरेसे नसतात; त्यासाठीं निराळी भुकटी मिळते. दुसरी चूक याहून मोठी. डोकें थरथरतें म्हणून त्याला वाटींतून पितां येईना; तेव्हां मीं त्याला तान्ह्या बाळासारखें मांडीवर उताणें घेतलें आणि पिचकारीनें दूध तोंडांत सोडलें. दूध श्वासनलिकेंत गेलें. पिल्लाला पाजायचें तें पालथें ठेवून, मान किंचित् वर उचलून, थेंबाथेंबानें. हें मला कुणीं सांगितलें नव्हतें, पण मींहि कुणाला विचारलें नव्हतें.

न्यूमोनिया झाला. पुढचे सात दिवस कसे गेले हें सांगत बसत नाहीं. फडक्यांत गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, जंतुनाशक औषध, दिवसांतून तीनदां वाफारा, आणि दर चार तासांनीं वजन. तें २४० वरून २१५ वर आलें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं पशुवैद्य बाई म्हणाल्या, ‘याला फार त्रास होतो आहे असें वाटलें तर मला बोलवा. एक सुई पुरते.’

त्या रात्रीं आमच्या घरांत जें बोलणें झालें त्यासाठींच खरें तर मी आज येथें आलें आहे. यजमानांचें म्हणणें, अधूपणा जन्माचा आहे, वर हें दुखणें. त्याला मोकळें करावें. माझा विरोध होता. पण तो कां होता, हें मलाच नीट सांगतां येईना. पिल्लाला जगायचें होतें म्हणून, कीं तें माझ्या हातून मेलें असें व्हायला नको म्हणून? त्याचे हाल आणि ते पाहण्याचा मला होणारा त्रास या दोहोंत मी घोटाळा करीत होतें. तेवढ्यांत सासूबाई बाहेर आल्या. वय ब्याऐंशी, मांजराला कधीं हात न लावलेल्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘खातंय का तें?’

‘सकाळपासून कांहीं नाहीं,’ मीं म्हटलें.

‘मग उजाडेपर्यंत थांबा. भूक लागली तर त्याला राहायचंय. नाहीं लागली, तर उगाच ओढूं नका त्याला.’

मांजर मारल्यास सोन्याचें मांजर काशीला नेऊन द्यावें लागतें, ही समजूत आमच्या घरांत त्यांनींच जपलेली. मीं त्यांना तिची आठवण दिली. ‘तें माझ्या नांवावर लिहा,’ त्या म्हणाल्या. ‘मला एवीतेवी काशीला जायचंच आहे.’

नाक चोंदलें असलें कीं मांजर खात नाहीं. वास आल्याखेरीज त्याला अन्न हें अन्नच वाटत नाहीं. म्हणून पहाटे मीं डब्यांतलें मांसाचें खाद्य कोमट केलें. ज्या ओट्यावर कधीं अंडेंहि फुटलें नव्हतें त्या ओट्यावर! पण मांजराला मांसाशिवाय गत्यंतर नाहीं. टॉरीन नांवाचें द्रव्य त्याला मांसांतूनच मिळतें. तें न मिळाल्यास डोळे जातात आणि हृदय दुबळें होतें. दूधभातावर मांजर पोसण्याचें पुण्य त्याला फार महाग पडतें. बोटाला लावलेला तो लगदा साडेचारच्या सुमारास पिल्लानें चाटला. मग बोटाला चावलें.

सासूबाईंनीं त्याचें नांव भोवरा ठेवलें.

दुखणें गेलें, पण सगळें सुटलें नाहीं. सर्दीच्या दुसऱ्या एका विषाणूनें त्याच्या डाव्या बुबुळावर फूल पडलें आहे. तो विषाणू अंगांत दबा धरून राहतो, आणि घरांत गडबड झाली, पाहुणे आले, कीं डोळा पुन्हां वाहूं लागतो. शिंकांच्या वेळीं तोल आणखीच जातो. आमच्याकडे येणारीं माणसें ‘अरेरे, बिचारा!’ म्हणतात, तेव्हां मला थोडा राग येतो. कारण भोवऱ्याला आपण पडतों याचें कांहींच वाटत नाहीं. पडला कीं उठतो आणि जिकडे निघाला होता तिकडेच जातो.

घर मात्र आम्हांला बदलावें लागलें. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फांकत, म्हणून दाराशेजारच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्यांच्या पट्ट्या टाकल्या. वाटी जड दगडी घेतली आणि कोपऱ्यांत ठेवली. दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकून तो जेवतो. वाळूच्या टोपल्याला एक बाजू ठेंगणी, आंत जाण्यापुरती, आणि बाकीच्या तीन उंच, म्हणजे अंग टेकून बसतां येतें. गच्चीला आणि खिडक्यांना जाळी. उडी त्याला बेततां येत नाहीं, परंतु पडद्याला नख्या रोवून तो वर चढतो. चढलेला उतरवायचें काम यजमानांकडे. एक गोष्ट आवर्जून सांगतें: आपल्या घरांतली तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधींहि देऊं नका. अर्धी गोळीसुद्धां प्राण घेऊं शकते.

भोवऱ्याच्या आईला वेळेवर लस मिळती तर हें कांहींच घडतें ना. ती पुढें सांपडली. आतां तिला पुन्हां पिल्लें होणार नाहींत आणि लसहि टोंचली आहे. गाभण मांजरीला मात्र जिवंत विषाणूची लस देत नाहींत, कारण त्या लशीनेंहि पोटांतल्या पिल्लांना हाच दोष येऊं शकतो.

सासूबाई आतां पंचाऐंशीच्या आहेत. त्यांचेहि हात कांपतात. चहाचा पेला त्या दोन्ही हातांनीं धरतात. दुपारीं त्या भिंतीला पाठ लावून बसतात आणि भोवरा त्यांच्या गुडघ्याला टेकून बसतो. दोघांपैकीं कोण कुणाला सांवरतें, याची मीं चौकशी केलेली नाहीं.

माझी वेळ संपली. त्याच्या डोळ्यांत आठ वाजतां औषध घालावें लागतें, आणि घरीं सासूबाई एकट्याच आहेत. तेव्हां आपली रजा घेतें.